ताराराणी आणि आणखी दोन ताराबाई

(कोल्हापुरातल्या व्याख्यानाचं शब्दांकन, बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय)

मंडळी, ताराराणी कोण हे कोल्हापुरात सांगायची गरज नाही, कावळा नाक्याला घोड्यावरचा पुतळा आहे, ताराबाई पार्क आहे. पण आपण त्यांची गोष्ट १७०७ ला बंद करतो बघा, औरंगजेब गेला की संपलं. १७०० ला राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत, पोरगं लहान, आणि तरी बादशहानं महिनोन्महिने वेढा देऊन, वेळेला पैसे मोजून किल्ला घ्यायचा आणि तो पुढं सरकला की मराठ्यांनी तो परत घ्यायचा, असं सात वर्षं चाललं. हे पाठ आहे आपल्याला. पण १७१४ ला घरच्याच माणसांनी, त्यांच्या सवत राजसबाईंनी त्यांना कैदेत टाकलं, आणि पुढं पंच्याहत्तरीत साताऱ्यात त्यांनी स्वतःच नातू म्हणून पुढं आणलेल्या, गादीवर बसलेल्या रामराजाला कैद केलं, पेशव्यांशी वैर घेतलं, हे कोण सांगतं? मला ते रामराजाचं पटत नाही, स्पष्ट सांगतो, पण ते गाळून नुसता घोडा आणि तलवार ठेवली तर ती खरी बाई आपल्याला कळायचीच नाही.

आता दुसऱ्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. यांच्यावर मी जास्त बोलणार, कारण यांचं नाव घेणारं कोणी नाही. १८८१ ला सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारलं म्हणून फाशी सुनावली, पुढं ती कमी झाली, पण पेपरात सगळी चर्चा काय तर बायका कशा बिघडल्या. त्या मुलाचा बाप कोण, त्याला काय शिक्षा, हे विचारायचं कुणाला सुचेना. ताराबाई भडकल्या आणि १८८२ ला ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुण्यात छापून घेतलं. बाईनं पुनर्विवाह करायचा नाही आणि पुरुषानं एक मेली की लगेच दुसरी आणायची, हा कुठला न्याय, असा थेट सवाल, आणि देवादिकांनासुद्धा सोडलं नाही त्यांनी. भाषा अशी की आजही वाचताना माणूस दचकतो. लोक तुटून पडले, जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक काही आलं नाही, आणि हे पुस्तकही इतकं विस्मरणात गेलं की १९७५ ला संशोधक स. गं. मालशेंनी परत छापलं तेव्हा कुठं लोकांच्या हातात आलं. नव्वद वर्षं ओ! मला याचा राग येतो, अजून येतो.

तिसऱ्या ताराबाई मोडक, जन्म १८९२. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, मग डहाणू भागात, १९४५ ला बोर्डीला आणि १९५७ ला कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ सोबत. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जायची, मग यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. आणि वस्तीत, पोरांच्या दारात भरवली ती अंगणवाडी. ताराबाई १९७३ ला गेल्या आणि १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा अंगणवाडी देशभर पोचली. इथं अंगणवाडीच्या ताई बसल्यात बऱ्याच, त्यांना माझी विनंती आहे, तुमच्या खोलीत भिंतीवर तक्ते असतात ना, त्यात या बाईंचा एक फोटो लावा आणि पोरांच्या आयांना सांगा हे काम कुणी सुरू केलं ते.