छातीतलं पाणी आणि चाळीस वर्षांपूर्वीची नोकरी

पासष्ट-सत्तर वय, छातीत एकाच बाजूला पाणी, ताप नाही, चार पायऱ्या चढल्या की दम. असा पेशंट समोर बसला की आपण सवयीने विचारतो, "सिगारेट ओढता का?" आज ज्या मेसोथेलिओमाबद्दल बोलायचं आहे, त्यात सिगारेटचा संबंधच नाही. त्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची धूळ. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कॅन्सरही होतो आणि धूम्रपान जोडीला असेल तर तो धोका कितीतरी वाढतो. मेसोथेलिओमा मात्र फुप्फुसाचा नव्हे, फुप्फुसाच्या आवरणाचा म्हणजे प्लुराचा कॅन्सर आहे. कधी पोटाच्या आवरणाचाही असतो. तिथे विचारायचं असतं ते कामाबद्दल.

तेही "काय काम करता?" असं विचारून भागत नाही. माणूस "रिटायर झालो" म्हणतो आणि विषय संपतो. धूळ श्वासात जाणं आणि आजार दिसणं यांत साधारण २० ते ५० वर्षं जातात. म्हणून पहिल्या नोकरीपासून सुरुवात करायची आणि एकेक काम वर्षांसकट लिहून घ्यायचं. "ॲस्बेस्टॉसशी संबंध आला का?" हाही वाया जाणारा प्रश्न आहे, कारण ज्यांनी आयुष्यभर ते हाताळलं त्यांनाही कित्येकदा नाव माहीत नसतं. वस्तूंची नावं घ्या. बॉयलरच्या पाइपांवर गुंडाळी केली का, गॅस्केट कापले का, ब्रेकचे लायनर घासले का, सिमेंटचे पत्रे करवतीने कापले का, जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलं का? आणि शेवटी विचारा: कामाचे कपडे घरी कोण झटकायचं, कोण धुवायचं? बाईंना हा आजार का झाला, याचं उत्तर पुष्कळदा नवऱ्याच्या डगल्यात सापडतं. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हाच दिसलं होतं की स्वतः ते काम न केलेल्यांनाही हा आजार होतो. त्यांतले बरेच जण खाणकामगार नव्हतेच, लहानपणी खाणींच्या परिसरात राहिलेले होते.

आता तपासण्या. एक्स-रेत पाणी दिसतं. कधी आवरणावर चुन्यासारखे पांढरे चट्टे दिसतात, त्यांना प्लाक म्हणतात. प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे आणि पुढे त्याचा कॅन्सर होतो असंही नाही. ती फक्त धूळ आत गेल्याची खूण. पेशंटला हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो त्या चट्ट्यांनीच खचतो. सीटी करायचा तो डाय देऊन, आणि डाय दिल्यावर ६० ते ९० सेकंदांनी. फुप्फुसातली गुठळी शोधायला जो सीटी करतात, त्यात फोटो फार लवकर घेतले जातात. आवरणात तोवर डाय पोचलेलाच नसतो आणि जाड झालेला भाग पाण्यात मिसळून जातो. आवरण १ सेंमीपेक्षा जाड, गाठीगाठींचं, फुप्फुसाला चहूबाजूंनी वेढणारं किंवा हृदयाच्या बाजूनेही जाडावलेलं असेल, तर ते साधं नाही असं समजून पुढे जायचं. मात्र यातलं काहीच दिसलं नाही म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पाण्याच्या रिपोर्टपाशी. ५० मिली तरी पाणी पाठवलं, त्यातल्या पेशी गोळा करून त्यांची वडी (सेल ब्लॉक) तपासली, तरीही मेसोथेलिओमाच्या निम्म्याहून अधिक पेशंटांत त्यातून निदान होत नाही. रिपोर्ट येतो, 'लिम्फोसाइट्स जास्त, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशी दिसल्या की टीबीची औषधं सुरू होतात, पाणी पुन्हा भरतं, पुन्हा काढलं जातं, आणि यात महिने जातात. कारण साधं आहे. आवरणाच्या पेशी नुसत्या सुजेनेही फुगतात, गुच्छ करतात, वेड्यावाकड्या दिसतात. सुटी पेशी पाहून ती चिडलेली आहे की बिघडलेली, हे ठरवणं कठीण. ती खालच्या चरबीत घुसली आहे का, हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी आवरणाचा तुकडाच (बायॉप्सी) हवा.

तुकडा आंधळ्या सुईने नको. जाडी दिसत असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीत बघून सुई घालावी. पाणी भरपूर असेल तर थोरॅकोस्कोपी, म्हणजे छातीत दुर्बीण घालून तपासणी, उत्तम. दुर्बिणीतून आवरण दिसतं, वेगवेगळ्या जागचे अनेक तुकडे खोलवर, चरबीसकट घेता येतात आणि दहातल्या नऊ पेशंटांत निदान पक्कं होतं. पाणी परत भरू नये म्हणून छातीत टाल्कची पावडर टाकायची घाई तुकडे घेण्याआधी करू नये. टाल्कमुळे पुढे पेट स्कॅनही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं खोटा चमकतो.

प्रयोगशाळेत तुकड्यावर रंग चढवून पेशींतली प्रथिनं शोधतात, आणि एकाच डागावर कोणी विसंबत नाही. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६, डी २-४० या आवरणाच्या पेशींच्या खुणांपैकी किमान दोन पॉझिटिव्ह, आणि क्लॉडिन-४, टीटीएफ-१, सीईए अशा कार्सिनोमाच्या (फुप्फुसासारख्या अवयवांतून पसरलेल्या कॅन्सरच्या) खुणांपैकी दोन तरी निगेटिव्ह हवेत. कॅलरेटिनिन पेशीच्या केंद्रकात उमटलेलं पाहिजे, नुसतं भोवती नव्हे. मग बॅप-१, हे निरोगी पेशींच्या केंद्रकात असणारं प्रथिन. इथे न दिसणं महत्त्वाचं: गाठीच्या पेशींची केंद्रकं कोरी राहिली, तर ती नुसती सूज नाही. पण शेजारच्या लिम्फोसाइट्स आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी त्याच काचेवर तपकिरी रंगलेल्या दिसायला हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर बॅप-१ गेलेलं नाही, रंगच चढलेला नाही. लांबट पेशींच्या सार्कोमॅटॉइड प्रकारात बॅप-१ बहुधा शाबूत असतं आणि कॅलरेटिनिनही दगा देतं. तिथे एमटॅप प्रथिनाची किंवा पी-१६ जनुकाची तपासणी जास्त उपयोगी.

"तुकड्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडले का?" असा प्रश्न नेहमी येतो, वकिलांकडून तर हमखास. लोहाचा थर चढलेले, टोकांना फुगीर, डंबेलसारखे तंतू फुप्फुसाच्या ऊतीत दिसतात, आवरणाच्या तुकड्यात क्वचितच. क्रायसोटाइल या ॲस्बेस्टॉसच्या प्रकाराचे तंतू तर शरीर बऱ्यापैकी साफ करून टाकतं. त्यामुळे तंतू दिसले नाहीत म्हणून संबंध नाही, हा निष्कर्ष चुकीचा. पुरावा असतो तो कामाच्या इतिहासाचा, आणि तो केसपेपरवर वर्षांसकट लिहिलेला असेल तरच नुकसानभरपाईच्या अर्जात कामी येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तर आयुष्यभरातल्या धुळीचा हिशेब मांडतात. तज्ज्ञांनी ठरवलेल्या हेलसिंकी निकषांनुसार दर मिलिलिटर हवेतले तंतू गुणिले कामाची वर्षं ही संख्या २५ झाली, की धोका दुप्पट धरला जातो.

थोरॅकोस्कोपीतूनही कधी 'विशिष्ट कारण नसलेली सूज' एवढाच रिपोर्ट येतो. धूळ अंगावर घेतलेल्या माणसाला त्यावर निश्चिंत करून घरी पाठवू नका. वर्षभर तरी दर तीन-चार महिन्यांनी बोलवा. पाणी पुन्हा भरलं, त्या बाजूला बोथट दुखणं सुरू झालं किंवा वजन उतरू लागलं, तर पुन्हा तुकडा घ्या.