लसूण घास कधी थांबवायचा?

(दृश्य: सकाळ. मोपेडवर बांधलेल्या हिरव्या पेंढ्या. रस्त्याकडेला पाणी शिंपडून मांडलेला घास.)

सोलापुरात दुधाच्या गाड्यांच्या आगेमागेच लसूण घास, म्हणजे ल्युसर्नचा हिरवा चारा, शहरात येतो. गिऱ्हाईक बहुतेक गोठ्यांचं, थोडं देवळाबाहेर गाईला घास घालणाऱ्यांचं. हल्ली त्यात आणखी एक मिसळलंय. एकच पेंढी मागणारं, जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये राहणारं. त्याच्याकडे गाय नाही, ससा आहे.

(दृश्य: बाल्कनी. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात मुठीएवढं पिल्लू. शाळेच्या गणवेशातली मुलगी, शेजारी आज्जी.)

आज्जीच्या हातात गाजर आहे. "घे की रे बाळा, घे की." नात हात धरते, "आज्जी, नको ना, त्याला जुलाब होतील." आज्जीला पटत नाही. "सशाला गाजर नको? पुस्तकात तर गाजरच असतंय की!"

आज्जीचा दोष नाही. पहिलीच्या पुस्तकापासून सशाच्या हातात गाजर आहे. पण गाजर गोड असतं, आणि सशाचं पोट गोडासाठी बनलेलं नाही. त्याच्या पोटात आंधळं आतडं, म्हणजे आतड्याची एका टोकाला बंद असलेली पिशवी, भलं मोठं असतं. गवताचा जो भाग नुसत्या पाचक रसांनी पचत नाही, तो तिथले जिवाणू आंबवतात. मग ससा, बहुधा रात्री नाहीतर पहाटे, मान खाली घालून आपलीच मऊ, चकचकीत लेंडी थेट खातो. पाहणारा दचकतो, पण ते त्याचं दुसरं जेवण आहे. त्यात प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत. ते खाऊ द्यावं.

साखर किंवा पीठ जास्त झालं की या जिवाणूंची घडी विस्कटते. दूध नुकतंच सुटलेल्या पिल्लात तर ही घडी अजून बसलेलीच नसते. म्हणून आणल्यावर काही दिवसांतच जुलाबाने गेलेली पिल्लं इतकी ऐकू येतात.

(दृश्य: पिंजऱ्यात दाटीने बसलेली पिल्लं.)

पिल्लू पहिले साधारण ३ आठवडे आईच्या दुधावर असतं. मग ते गवत कुरतडायला लागतं, आणि दूध ८ आठवड्यांपर्यंत हळूहळू सुटतं. विकणाऱ्याला मात्र लहान पिल्लू हवं असतं, कारण ते गोजिरवाणं दिसतं आणि लगेच खपतं. तेव्हा ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. घेतलंच, तर तिथे जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा आणि बदल थोडा थोडा करा.

वाढत्या पिल्लाला लसूण घास द्यावा. हाडं आणि स्नायू घडत असतात, आणि या घासात प्रथिनं, कॅल्शियम दोन्ही साध्या गवतापेक्षा बरंच जास्त असतं. फक्त तो वाळवून द्यायचा. ओला, ताजा घास भरपूर खाल्ला तर पोट फुगतं. वाळवताना उन्हात टाकला तर पानं कडकडीत होऊन झडून जातात, आणि सगळा कस पानांतच असतो. म्हणून सावलीत, पातळ पसरून वाळवायचा. ढिगाऱ्यात गरम झालेला किंवा बुरशीचा वास येणारा घास सरळ फेकून द्या. सोबत साध्या पेलेट, म्हणजे सशाच्या खाद्याच्या दाबून केलेल्या एकसारख्या गोळ्या. दुकानातलं मका, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया घातलेलं रंगीबेरंगी मिश्रण ससा निवडून खातो. गोड तेवढं संपवतो, बाकीचं टाकून देतो. आमच्या मते ते पैसे वाया गेले. कोंबडीचं खाद्य तर अजिबात नको.

पालेभाजी ३ महिन्यांनंतर. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. होय, गाजर आज्जीला, पाला सशाला! एका वेळी एकच नवी भाजी, चिमूटभर. लेंडी नीट आली तर पुढे वाढवायची. मंडईतली भाजी आधी चांगली धुवायची.

(दृश्य: तोच ससा, आता मोठा. तराजूवर.)

आता आपला मूळ प्रश्न. ६ महिन्यांच्या आसपास बहुतेक ससे पुरेसे वाढलेले असतात, मोठ्या जातींना जास्त वेळ लागतो. इथे लसूण घास कमी करत थांबवायचा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते वर्षभर खायचे नसतात. शिवाय सशाचं शरीर अन्नातलं कॅल्शियम भरपूर शोषतं आणि नको असलेलं लघवीवाटे बाहेर टाकतं. मोठा झाल्यावरही घास चालूच राहिला तर लघवी घट्ट, पांढरट होते, मूत्राशयात गाळ साचतो, खडे होऊ शकतात. वजन वाढतं ते वेगळंच.

बदल २ ते ४ आठवड्यांत करायचा. थोडा घास काढायचा, तेवढंच वाळलेलं साधं गवत घालायचं. ओटचं वाळलेलं गवत मिळालं तर उत्तम. नाहीतर आपली हरळी आहेच. गणपतीला दूर्वा वाहतो तीच, औषध न मारलेल्या जागेवरून कापून वाळवलेली. ती दिवसरात्र समोर हवी, सशाच्या अंगाएवढा भारा रोज. पेलेट मात्र आता मोजून, किलोमागे फार तर २५ ग्रॅम. फळ एखादा चमचा, तेही कधीतरी.

ज्वारीचा जिल्हा आहे, म्हणून कोवळी ज्वारी देण्याचा मोह होईल. देऊ नका. कोवळ्या ज्वारीने गुराढोरांना विषबाधा होते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि कडक भाकरी? "दात घासले जातील" असं म्हणून ती देणारी घरं आहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, हे खरं. पण ते झिजतात ते गवत दाढांखाली आडवं घासताना, तासन्तास. भाकरी एका मिनिटात संपते आणि पोटात पीठ सोडून जाते.

(दृश्य: मे महिन्याची दुपार. फरशीवर आडवा पडलेला ससा, मातीचं कुंडं.)

सोलापूरचा मे सशाला सोसत नाही. ३० अंशांपुढेच त्याला त्रास सुरू होतो, इथे पारा ४० ओलांडतो. उकाड्यात तो खाणं सोडतो, आणि खाणं थांबलं की आतडं थांबतं. म्हणून पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड कुंड्यात द्या, ते कुंड्यातून जास्त पितो. दिवसाला किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर लागतं. पालेभाजी निथळू न देता ओलीच द्या. वाळलेलं गवत संध्याकाळी, ऊन उतरल्यावर नव्याने घाला.

सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे १२ तास काही खाल्लं नाही, किंवा लेंड्या एकदम कमी, बारीक झाल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठायचा. घरातली अँटिबायोटिकची गोळी फोडून घालायची नाही. पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडावाटे गेली तर ससा दगावू शकतो. दवाखान्यात जाताना शेवटच्या लेंड्या कागदात गुंडाळून बरोबर न्या. शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.