जुनी काइझेन शीट्स घेऊन शॉपमध्ये फिरा

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण भोसरी, चाकण, तळेगावहून पहिली पाळी संपवून थेट इथे आलात, हे बुटांवरून कळतंय. त्यामुळे प्रस्तावना करत बसत नाही.

तुमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या विभागात, शिरताना एक बोर्ड लागतो. फाइव्ह एसचे, म्हणजे जागा नीटनेटकी नि स्वच्छ ठेवण्याच्या पद्धतीचे, गुण, काइझेनचे, म्हणजे कामात केलेल्या छोट्या सुधारणांचे, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो, खाली महिन्याची बेरीज. हा बोर्ड शेवटचा कधी वाचला गेला? ग्राहकाचा ऑडिटर आला तेव्हा. कामगारही तिथे थांबतो म्हणा, पण शेजारी पाण्याचा कूलर असतो म्हणून. हसू नका, असे बोर्ड मीच लावलेत. क्वालिटीत आयुष्य गेलं माझं. आज बोलणार आहे त्यातला निम्मा भाग कबुलीजबाबच समजा.

निवृत्तीनंतर एका कारखान्याने मला बोलावलं. नाव सांगत नाही. 'आमचं काइझेन थंडावलंय, जरा जोर लावून द्या,' म्हणाले. त्यांची अपेक्षा होती की मी प्रशिक्षण घेईन, पोस्टर लावीन, स्पर्धा ठेवीन. मी मागच्या वर्षीची फाइल मागवली, न बघता त्यातली पंचवीस शीट्स ओढली आणि सुपरवायझरला म्हटलं, चला, यातलं एकेक मला जागेवर दाखवा.

पहिल्या ठिकाणी मशीनच हललं होतं. दुसऱ्या ठिकाणचं जिग, म्हणजे पार्ट धरून ठेवायचं साधन, 'स्टोअरला असेल, साहेब'. तिसऱ्या ठिकाणी फोटोतला टूल-रॅक जसाच्या तसा होता, रंगवलेला, प्रत्येक पान्याची आकृती काढलेली. पाने मात्र ऑपरेटरच्या खिशात. का रे? तर रॅक दहा पावलांवर, आणि पाना लागतो दर पाच मिनिटांनी. रॅक तिथे का लावला? तिथे फोटो चांगला येत होता. हे त्या पोराने अगदी निरागसपणे सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही पंचवीसही पाहिले. निम्मेसुद्धा जागेवर सापडले नाहीत. फाइलमध्ये मात्र प्रत्येक शीटवर 'बचत' या रकान्यात रुपये होते. ती सगळी बेरीज खरी असती तर मालकांनी तेवढ्यात दुसरा कारखाना काढला असता.

जे टिकलं होतं तेही पाहण्यासारखं होतं. जड फिक्स्चर हलवायला एका ऑपरेटरने भंगारातल्या चाकांची ढकलगाडी केली होती. दिसायला ओबडधोबड. पण कंबर त्याची दुखत होती, गाडी त्यानेच केली आणि रोज वापरणाराही तोच. तिला कुणाच्या आठवणीची गरज पडली नाही.

म्हणून आढावा घ्यायचा तर असा घ्या. यंदा किती काइझेन झाले हे मोजू नका. मागच्या वर्षीचे किती उभे आहेत ते बघा, आणि जे पडले ते का पडले हे तिथल्या माणसाला विचारा. बोर्डावरून यातलं काही कळणार नाही.

आता हे असं का होतं? माझ्या मते पहिलं कारण आकडा. 'माणशी महिन्याला एक काइझेन' असं लक्ष्य एकदा लावलं की आकडा गाठला जातोच. या महिन्यात दिव्याच्या बटणावर लेबल, पुढच्या महिन्यात पंख्याच्या. महिनाअखेरीला सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्यांच्या नावाने शीट्स लिहितो. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जे 14 मुद्दे मांडले, त्यांत घोषणा आणि संख्येची लक्ष्यं काढून टाका असं स्पष्ट म्हटलंय. जपानी उद्योगाने 1951 पासून ज्यांच्या नावाने पारितोषिक ठेवलं, त्यांचं हे म्हणणं. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि शेजारीच लक्ष्याचा तक्ता.

दुसरं कारण सूचनापेटी. टोयोटाचे एजी टोयोदा 1950 मध्ये अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना पाहायला गेले. तिथली सूचनायोजना त्यांनी उचलली आणि 1951 मध्ये टोयोटात ती सुरू झाली. म्हणजे पेटी अमेरिकेहून जपानला गेली, जपानहून आपल्याकडे आली, आणि वाटेत कुठेतरी किल्ली हरवली. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला बक्षीस नंतर द्या, आधी उत्तर द्या. 'नाही जमणार, कारण अमुक' हेही उत्तरच आहे. माणूस नकार पचवतो. सहा महिने काहीच कळलं नाही की मग तो पुन्हा चिठ्ठी टाकत नाही, आणि त्याचं पाहून शेजारचाही टाकत नाही.

आणि एक गोष्ट, जी अशा कार्यक्रमांत बोलली जात नाही. एखाद्याच्या काइझेनमुळे एका माणसाचं काम वाचलं आणि पुढच्या महिन्यात ठेकेदाराचा एक माणूस कमी केला, तर त्या लाईनवर काइझेन संपलं असं समजा. मग कितीही पोस्टर लावा.

आता व्हाय-व्हाय, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत जाणं. टोयोटाचे तैइची ओहनो यांचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी प्रशिक्षणात ऐकलंय, तरी सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. मशीन बंद का पडलं? भार जास्त झाला, फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसं नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. पाच प्रश्न, पाच उत्तरं. या पाचांत एकाही माणसाचा उल्लेख नाही!

आता आपली शीट काढा. पार्ट रिजेक्ट का झाला? होल चुकलं. का? पार्ट उलटा बसला. का? ऑपरेटरचं दुर्लक्ष. संपलं. उपाय: ऑपरेटरला समज दिली. ग्राहकाकडे कागद गेला, तक्रार बंद. पार्ट उलटा बसूच कसा शकतो, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. फिक्स्चरला एक पिन लावली असती तर तो बसलाच नसता. माझं ऐकाल तर उद्या ऑफिसात एवढंच करा: वर्षभराच्या व्हाय-व्हाय शीट्समध्ये 'दुर्लक्ष' आणि 'समज दिली' हे शब्द किती वेळा आलेत ते मोजा. मोजायचंच असेल तर हे मोजा.

याच अनुषंगाने कॅलिफोर्नियातली एक गोष्ट. फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, वाईट गाड्या, सगळ्यासाठी कुप्रसिद्ध. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना न्यूमी या नावाने सुरू केला, आणि कामावर घेतले बहुतांश तेच जुने कामगार. शेकडो जणांना शिकायला जपानला पाठवलं. लाईनवर दोरी लावली: अडचण आली की ओढा, सोडवता नाही आली तर लाईन थांबेल. आधी काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा तिथला नियम होता. आता दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा, आणि काय चुकलास असं न विचारता मी काय मदत करू असं विचारायचा. तीच माणसं चांगल्या गाड्या काढू लागली. पुढे जनरल मोटर्सने ही पद्धत कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या आपल्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. दोरी तिथेही होती. पण लाईन थांबलेली साहेबलोकांना सोसेना, त्यामुळे दोरी नुसतीच लोंबकळत राहिली. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला.

वेळ होत आलीय, चहा आलेला दिसतोय. कबुलीजबाब राहिला, तो देतो.

आपल्याकडे खंडेनवमीला मशीन धुतात, पुसतात, झेंडूची माळ घालतात. पाहिलंय ना, त्या दिवशी ऑपरेटर फडकं मारता मारता थांबतो: 'अरे, इथून तेल गळतंय.' स्वच्छता करताना तपासणी होते म्हणतात, ती ही. ऑडिटच्या आदल्या दिवशीची आवराआवर वेगळी. ती म्हणजे पाहुणे येणार म्हणून सामान पलंगाखाली सरकवणं. अशाच एका आदल्या दिवशी मी लाल टॅग, नको असलेल्या वस्तूंना लावतात ते, घेऊन प्रेस शॉपमधून फिरत होतो. एका ट्रॉलीच्या कडेला जुन्या रबरी नळीचा, मध्ये चिरलेला तुकडा अडकवलेला दिसला. घाणेरडा, कुठल्याही यादीत नसलेला. मी टॅग लावला, भंगारात टाकला. ऑपरेटर काहीतरी सांगायला पुढे आला होता. मी म्हटलं, नंतर.

ऑडिट झकास झालं. दोन आठवड्यांनी ग्राहकाची तक्रार आली: पार्टच्या कडेला डेंट. आम्ही व्हाय-व्हाय केलं, चौकटीत लिहिलं, हाताळणीत निष्काळजीपणा, ऑपरेटरला समज दिली. समज मीच दिली. तो ऐकून घेत होता, आणि शेवटी म्हणाला, 'साहेब, ती नळी होती ना, ती त्यासाठीच होती.'

नळी परत आणली. नवी, निळ्या रंगाची, सगळ्या ट्रॉल्यांना लावली. शीट भरली, फोटो काढले. त्या वर्षी उत्कृष्ट काइझेनचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर नाव माझं आहे.