केमिस्ट्री घेऊ का बायोकेमिस्ट्री? आधी यार्डात उभा ऊस बघा

नमस्कार मंडळी. मागं ट्रॅक्टरचा आवाज येतोय त्याकडं लक्ष देऊ नका, गळीत हंगाम चालू आहे आणि सांगलीत डिसेंबरात शांत जागा शोधायची म्हणजे थेट कृष्णेच्या पात्रातच जाऊन बसावं लागेल. तर मेसेज रोज येतोय, बारावी झाली, बीएस्सीला केमिस्ट्री घेऊ का बायोकेमिस्ट्री, कशात स्कोप आहे, कशात पाठांतर कमी.

स्कोपचं नंतर बघू. आधी माझी एक फजिती सांगतो.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा, व्हायवा. मी क्रेब्स सायकल (पेशी अन्नातनं ऊर्जा काढतात त्यातलं रिअॅक्शनचं चक्र) तोंडपाठ करून गेलेलो, सगळे एन्झाइम (जिवंत पेशीत रिअॅक्शनचा वेग वाढवणारी प्रोटीनं) क्रमानं, उलट विचारलं तरी सांगितलं असतं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, गाव कुठलं? म्हटलं वाळवा तालुका. घरी ऊस आहे का? म्हटलं आहे की. मग त्या म्हणाल्या, तोडलेला ऊस चार दिवस तसाच पडला तर साखर कमी भरते, ती जाते कुठं? आणि मी गप्प. म्हणजे बघा, जन्म गेला उसात, तीन वर्षं घातली केमिस्ट्रीत, आणि मी उत्तर दिलं "वाळते मॅडम". त्या हसल्या पण नाहीत.

वाळतं ते पाणी ओ. साखर फुटते. उसातली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ऊस जिवंत असताना ती जोडी तो जपून ठेवतो, तोडला की त्याच्यातलाच इन्व्हर्टेज नावाचा एन्झाइम मोकाट सुटतो आणि जोडी फोडत बसतो, वरनं कापलेल्या टोकातनं बॅक्टेरिया आत शिरतात ते वेगळंच. फुटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही, ती मळीत जाते. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर हे सगळं अजून फास्ट. आमचे चुलते ट्रॉली दोन दिवस यार्डात थांबली की शिव्या घालायचे त्या वजनासाठी, रिकव्हरीचं (उसातनं साखर किती निघते त्याचं) नुकसान कारखान्याचं पण होतं हे त्यांना कोण सांगणार.

आता खरी गंमत. हीच साखर फोडायची रिअॅक्शन केमिस्ट्रीवाल्यांची पण आहे आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांची पण. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं साखरेच्या पाण्यात अॅसिड घातलं आणि पोलारिमीटरनं (साखरेचं पाणी उजेडाला किती फिरवतं ते मोजायचं यंत्र) बघत बसला की साखर किती वेगानं फुटते, रिअॅक्शनचा वेग असा आकड्यात मांडायची सुरुवात तिथनं धरतात. नंतर १९१३ ला मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी बर्लिनमध्ये तीच साखर घेतली, फक्त अॅसिडच्या जागी इन्व्हर्टेज. ते मायकेलिस-मेंटेन इक्वेशन, एन्झाइमचा वेग सांगणारं, ज्याला सगळे घाबरता, ते आपल्या चहातल्या साखरेवर काढलेलं आहे!

पोलारिमीटर ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, एक लांब नळी, तिच्यात साखरेचं पाणी, एका बाजूला सोडियमचा दिवा. दिवा आधी गुलाबी लागतो, मग पाच-दहा मिनिटांनी पिवळाधमक. आमच्यात एकच पोलारिमीटर, अंधाऱ्या खोलीत, आणि बाहेर पंधरा पोरांची रांग. डोळा लावायचा, गोल दिसतं, त्याचे दोन अर्धे सारख्या उजेडाचे झाले की आकडा घ्यायचा. वीस टक्के साखरेचं पाणी आणि तेवढंच अॅसिड मिसळलं की सुरुवातीला आकडा तेराच्या आसपास, मग बारा, दहा, सात, शून्य, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर मायनस चार. सुक्रोज उजेडाला उजवीकडं फिरवतं, ग्लुकोज पण उजवीकडं, पण फ्रुक्टोज डावीकडं इतक्या जोरात ओढतं की सगळा हिशेब उलटा होतो, म्हणून तर त्याला इन्व्हर्जन म्हणतात. माझ्या नळीत पहिल्या दिवशी बुडबुडा राहिला होता, रीडिंग कायच्या काय, शेवटी मित्राचं छापलं, खोटं कशाला बोलू.

मग दोन विषयांत फरक काय? अॅसिडवाल्या भांड्यात साखर दुप्पट केली की वेग दुप्पट, सरळ हिशेब. एन्झाइमचं तसं नाही. एन्झाइम म्हणजे कारखाना समजा आणि साखर म्हणजे ट्रॉल्या. यार्डात दोन ट्रॉल्या असल्या तर गव्हाण (ऊस गाळायला आत नेणारा पट्टा) अर्धी रिकामी फिरते, वीस आल्या की गाळप वाढतं, पण दोनशे येऊन थांबल्या तरी कारखाना आपल्या क्षमतेपेक्षा जास्त गाळणार नाही, रांग तेवढी हायवेपर्यंत जाईल. ती क्षमता म्हणजे व्हीमॅक्स. आणि पाण्यात जेवढी साखर असली की वेग त्याच्या बरोबर निम्मा होतो, तो साखरेचा आकडा म्हणजे केएम. संपलं. मला हे तीन वर्षं कुणी असं सांगितलं नाही, आणि मी पण कुणाला विचारलं नाही.

गुऱ्हाळावर जाऊन बघा, काहिलीत चुन्याची निवळी घालतात. का? रस मुळात थोडा आंबट, त्यात उकळायचा, म्हणजे विल्हेल्मीचाच प्रयोग चालू होतो काहिलीत, साखर फुटली की गूळ बसत नाही, चिकट होतो. चुन्यानं आंबटपणा मारायचा. आमच्या गुळव्याला पीएच माहीत नाही पण निवळी किती ते बरोबर माहीत आहे.

म्हणून माझं मत, कॉलेजात दोन्ही विषय मिळत असतील तर दोन्ही घ्या, एकच मिळत असेल तर केमिस्ट्री घ्या आणि फिजिकल केमिस्ट्रीला दांडी मारू नका. बायोकेमिस्ट्री पाठांतराची वाटते ती कायनेटिक्स (रिअॅक्शनच्या वेगाचा हिशेब) सोडून शिकतात त्यांना. आणि स्कोप विचारत होता ना, आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक साखर कारखान्यात लॅब आहे, तिथं केमिस्ट रोज ब्रिक्स (रसात एकूण विरघळलेलं किती) आणि पोल (त्यात साखर किती) काढतात, तो पोल म्हणजे त्याच पोलारिमीटरचं रीडिंग. डिस्टिलरीत तर यीस्टच कामाला.

एक छोटा प्रयोग सांगतो, लॅब असिस्टंट मामांना विचारूनच करा. साखरेच्या पाण्यात बेनेडिक्ट (फुटलेली साखर ओळखायचं निळं द्रावण) टाकून गरम पाण्यात धरा, निळं ते निळंच राहतं. दुसऱ्या नळीत तेच पाणी, पण आधी बेकरीवाल्या यीस्टचं (त्यात पण इन्व्हर्टेज असतो) कोमट पाणी गाळून त्यात थोडं घालायचं आणि अर्धा तास ठेवायचं, मग बेनेडिक्ट. विटकरी येतंय का बघा. आणि तिसऱ्या नळीत यीस्टचं पाणी आधी खळखळ उकळून घाला, काय होतंय ते मी सांगत नाही, कमेंटमध्ये तुम्ही सांगा.