कानातले खडे

नमस्कार श्रोतेहो.

आज चकरेबद्दल बोलू. सगळ्या चकरांबद्दल नाही, एकाच. कूस बदलली की घर फिरतं, वरच्या फळीवरचा पापडाचा डबा काढायला मान उंचावली की घर फिरतं, आणि मिनिटाच्या आत थांबतं. ती चक्कर.

आमच्या गल्लीतल्या एक काकू चार महिने गळ्याला पट्टा बांधून हिंडत होत्या. कुणी म्हणालं मणक्याची झीज, कुणी बीपी, कुणी अशक्तपणा. शेजारणी कांदा हुंगवायच्या. आपल्याकडे फिट आली तरी कांदा, भोवळ आली तरी कांदा. अहो, कांद्याची जागा भाकरीशेजारी!

तर काकू रिपोर्टांची पिशवी घेऊन आल्या. आम्ही डॉक्टरही हल्ली पिशवी आधी बघतो आणि माणूस नंतर. मी पिशवी बाजूला ठेवून विचारलं, "काकू, चक्कर नेमकी कधी येते?"

"उजव्या कुशीवर वळले की. म्हणून रात्रभर डावीकडेच निजते. खांदा नुसता भरून येतो."

अर्धं निदान तिथेच झालं. काकूंना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झपकन उताणं निजवलं, डोकं कडेच्या जरासं खाली. दोन-चार सेकंद काहीच नाही. मग बुबुळं गरगर थरथरायला लागली आणि काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. "अहो पडले, पडले मी!" अर्ध्या मिनिटात सगळं शांत. ही डिक्स-हॉलपाइक तपासणी, 1952 सालची. यंत्र नाही, सुई नाही.

मग डोकं हळूच डावीकडे फिरवलं, थांबलो. अख्ख्या काकूंना डाव्या कुशीवर केलं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबलो. मग उठवून बसवलं. पाच मिनिटांचा खेळ. थोड्या वेळाने परत उजवीकडे निजवलं, तर काही नाही!

काकू म्हणाल्या, "मंत्र कुठला म्हणालात?"

मंत्र नाही हो. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या पिशवीत चुन्याचे बारीक कण असतात. ते सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले, की मान हलताच मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत पिशवीत घरंगळवायचे. अमेरिकेत पोर्टलंडच्या डॉ. जॉन एप्लींनी ही युक्ती काढली. सहकारी बरीच वर्षं हसले. 1992 साली त्यांचा लेख छापून आला, आज जगभर हेच करतात.

लक्षात ठेवा, गोळीने मळमळ कमी होईल, कण जागेवर जाणार नाहीत. पुन्हा सांगतो, गोळीने कण जागेवर जात नाहीत. पण पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या. कान कुठला ते कळावं लागतं, मानेचं दुखणं असेल तर जपावं लागतं. त्रास काही महिन्यांनी उलटूही शकतो. तेव्हा परत तेच करायचं.

आणि चकरेबरोबर बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला, धड चालता येईना, तर कानाचा विचारच नको. तडक मोठं हॉस्पिटल.

काकूंनी गल्लीभर सांगितलं, "डॉक्टरांनी नुसतं लोळवून खडे काढले." दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दवाखान्यात हजर. सोनोग्राफी पुढे केली आणि टेबलावर चढून बसले.

"किडनीत आहे, सात मिलीमीटर. कुठल्या कुशीवर होऊ?"