ठिपका दिसतोय तोवर तोल

नमस्कार मंडळी. आज तोल शिकण्याबद्दल बोलूया. म्हणजे समोर आरसा किंवा स्क्रीन आहे, आपण कसे उभे आहोत ते त्याच क्षणी दिसतंय, तर शरीर लवकर शिकतं का? शिकतं. पण स्क्रीन काढली की किती उरतं, ते बघायला हवं.

तोल तीन जणं सांभाळतात, डोळे, आतला कान, आणि तळपाय-सांधे-स्नायूंकडून मेंदूला जाणारी खबर. आंघोळ करताना डोळ्यांत साबण गेला की हात लगेच आधारासाठी नळाकडे जातो ना, तो यामुळेच.

आता आमच्या आत्याची गोष्ट. बडोद्याला दांडिया बाजारात राहते, सत्तरी ओलांडलीय, पावसाळ्यात जिन्यापाशी घसरली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं पण भीती निघेना, भिंत धरून चालायची, आणि ध्यास एकच, नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात फेरी मारायची. (गरबा सोसायटीचाच खरा हो, पास काढून मोठ्या मैदानात जातात तिथे आत्याच्या वयाच्या बाईला कोण जागा देणार?) तर फिजिओबेननं तिला एका फळीवर उभं केलं, फळीत वजनाचे सेन्सर, समोर टीव्ही, टीव्हीवर एक गोल आणि त्यात ठिपका. भार उजव्या पायावर गेला की ठिपका उजवीकडे, टाचांवर गेला की खाली. आत्या अशी रमली की थोड्याच दिवसांत ठिपका गोलाबाहेर जाईना, बाकीच्या पेशंटना बोलावून दाखवायची. आणि घरी? निरांजन घेऊन देवघरातून वळली की तशीच डगमग! घरी ठिपका कुठून आणायचा?

मग फिजिओबेननं टीव्हीच बंद केला. आत्या भडकली, "अगं पैसे भरलेत मी, लाव तो!" तर ती शांतपणे म्हणते, "बा, पहेलां तमे कहो, टपकुं क्यां छे?" म्हणजे आधी तुम्ही सांगा, ठिपका कुठे आहे? आत्या म्हणाली, मधोमध. टीव्ही लावला तर ठिपका पार उजवीकडे. पडल्यापासून ती सगळा भार उजव्या पायावर टाकत होती आणि तिला ते सरळच वाटत होतं! त्या दिवसापासून आधी अंदाज, मग टीव्ही. आधी अंदाज, मग टीव्ही. अष्टमीला आत्या गरब्यात उतरली, सूनबाई मागे होती पण हात धरायची वेळ आली नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

याचं कारण १९८४ साली साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी मांडलंय. दर वेळी बाहेरून उत्तर मिळालं की सराव झकास होतो, पण शरीर त्या उत्तरावरच टेकतं आणि स्वतःच्या पायांकडून येणारी खबर ऐकायचं सोडतं. म्हणून सुरुवातीला भरपूर दिसू द्या, मग कमी करत न्या. पुन्हा सांगते, दिसू द्या, मग कमी करत न्या. मोबाईलवर स्वतःला बघत नाच शिकणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगते, चार वेळा न बघता करा, मग व्हिडिओ बघा, आणि समोर गुरू असेल तर मोबाईल पिशवीतच ठेवा.

घरी करायचं तर ओट्याला हात लागेल असं उभं राहा, एका पावलापुढे दुसरं पाऊल, आरसा समोर नको, बाजूला असू दे. भार कुठल्या पायावर आहे ते आधी मोठ्यानं बोला, मग आरशात बघा. चक्कर येत असेल किंवा नुकतेच पडला असाल तर एकट्यानं नाही, घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. नमस्कार.