टायटल वनचा डॉलर शाळेपर्यंत कसा पोचतो

मंडळी, अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. बाकीचा पैसा राज्याचा आणि स्थानिक करांचा. पण स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, कचेरीत खरी झटापट चालते ती या लहान वाट्यासाठी, कारण त्याला अटी फार आहेत.

सर्वांत मोठी योजना म्हणजे टायटल वन, गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना जादा मदत देणारी. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्या कायद्यावर सही केली. आज तो २०१५च्या सुधारित रूपात लागू आहे. वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर त्यातून जातात. कुठल्या डिस्ट्रिक्टला किती, हे चार सूत्रांनी ठरतं आणि त्यांचा मुख्य आधार असतो ५ ते १७ वयोगटातल्या गरीब मुलांचे सेन्सस ब्युरोचे अंदाज. तिथं डिस्ट्रिक्टच्या हातात काही नसतं. आपल्या शाळांमध्ये वाटणी करताना मात्र त्याची जबाबदारी सुरू होते.

समजा, २० लाख डॉलर आले. पहिली वजाबाकी खासगी शाळांतल्या मुलांची. टायटल वन शाळांच्या, म्हणजे हा पैसा मिळणाऱ्या शाळांच्या, हद्दीत राहणारी गरीब मुलं सरकारी शाळांत १,९०० आणि खासगी शाळांत १०० असतील, तर ५ टक्के, म्हणजे १ लाख बाजूला काढायचे. हे संपूर्ण रकमेवर काढायचे, प्रशासनाचा खर्च आधी वजा करून नव्हे. क्रम उलटला की खासगी शाळेची तक्रार राज्याकडे गेलीच म्हणून समजा. हा पैसा त्या शाळेच्या खात्यात जात नाही. शिक्षक किंवा शिकवणी डिस्ट्रिक्टच पुरवतं. त्यानंतर बेघर मुलांसाठीची रक्कम, प्रशासन, आणि वाटप ५ लाखांच्या वर असेल तर पालक-सहभागासाठी किमान १ टक्का. या टक्क्यातला ९० टक्के भाग शाळांना द्यावा लागतो. शाळेच्या पालकसभेत हा आकडा जरूर विचारा, तो ठरवण्यात पालकांचं मत घेणं बंधनकारक आहे.

उरलेली रक्कम शाळांना गरिबीच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं जाते. ७५ टक्क्यांच्या वरच्या शाळा आधी, मग ती प्राथमिक असो वा हायस्कूल. त्याखाली प्राथमिक, मिडल, हायस्कूल असे वेगळे गट करता येतात. पैशाचा दर गरीब मुलामागे ठरतो आणि क्रमात खाली जाताना तो वाढू शकत नाही. ८२ टक्क्यांच्या शाळेला मुलामागे १,००० डॉलर दिले, तर ६४ टक्क्यांच्या शाळेला ९०० चालतील, १,०५० नाही.

डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सदस्यांना मात्र सगळ्या शाळांना थोडं थोडं द्यायचं असतं. त्याला कायद्यानं शहाणपणानं लगाम घातला आहे. ३५ टक्क्यांच्या खालची एक शाळा जरी घेतली, तरी प्रत्येक टायटल वन शाळेला मुलामागे सरासरीच्या किमान १२५ टक्के द्यावे लागतात. २० लाख डॉलर आणि डिस्ट्रिक्टमध्ये २,५०० गरीब मुलं, म्हणजे सरासरी ८००, त्याचे १२५ टक्के १,०००. मग समजा आठ शाळांना द्यायचा ठरवलेला पैसा पाचांतच संपतो. हजाराच्या आत पटसंख्या असलेल्या डिस्ट्रिक्टला यातून सूट आहे.

गरीब कोण, हे बहुधा जेवणाच्या सवलतीवरून मोजतात. पण सगळ्या मुलांना फुकट जेवण देणाऱ्या शाळांत पालकांकडून अर्ज घेतलेच जात नाहीत. तिथं अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांच्या सरकारी यादीवरून मुलं थेट ओळखतात आणि तो आकडा १.६ नं गुणता येतो. एका शाळेचा आकडा अर्जांवरून आणि दुसरीचा गुणाकार न करता यादीवरून घेतला, तर दुसरी शाळा उगाच श्रीमंत दिसते आणि क्रमातून गळते.

खर्चाचा नियम असा की हा पैसा स्थानिक पैशाच्या जोडीला यावा, बदल्यात नव्हे. ‘त्या शाळेला टायटल वन मिळतंच आहे, मग तिथली वाचनाची शिक्षिका दुसरीकडे हलवू’, हे चालत नाही. याच्या जोडीला दुसरी अट म्हणून विद्यार्थी-कर्मचारी प्रमाणाची तुलना करतात. इतर शाळांत सरासरी १५ मुलांमागे एक कर्मचारी असेल, तर टायटल वन शाळेत १६.५ पेक्षा जास्त मुलं नकोत. नेहमीची चूक म्हणजे केंद्राच्या पैशातून पगार मिळणारे शिक्षकही या हिशोबात धरणं. ते वगळले की शाळा नापास होते आणि वर्षाच्या मध्यावर शिक्षक द्यावा लागतो. तुलना नोव्हेंबरच्या आत करावी ती एवढ्यासाठीच.

याच कायद्यातलं टायटल टू शिक्षक-प्रशिक्षणासाठी, टायटल थ्री इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी. शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, तिथं मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. त्यावरून फक्त चाचणी होते, मूल लगेच वेगळ्या वर्गात जात नाही.

ऑडिटमध्ये नामंजूर होणाऱ्या रकमांत पगार पुढे असतात. एका शिक्षकाचा निम्मा पगार टायटल वनमधून धरला, प्रत्यक्षात त्यानं त्या कामाला ३० टक्केच वेळ दिला, तर फरक परत करावा लागतो. अंदाजपत्रकातला आकडा हा पुरावा होत नाही. प्रत्यक्ष कामाची नोंद लागते.

मुदतीचं गणितही आधी मांडावं. १ जुलै २०२५ ला मिळालेला पैसा ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत वापरायचा, वाढीव वर्ष धरून सप्टेंबर २०२७ पर्यंत. पण पहिल्या १५ महिन्यांनंतर वाटपाच्या १५ टक्क्यांहून जास्त पुढे नेता येत नाही. २० लाखांवर ही मर्यादा ३ लाखांची. राज्य सूट देऊ शकतं, तीही तीन वर्षांतून एकदाच. शिल्लक बहुतेकदा रिकाम्या जागांच्या पगाराची असते, आणि मग सप्टेंबरात टॅब्लेटची घाऊक खरेदी निघते, जी ऑडिटरच्या नजरेत लगेच भरते. शिवाय कर्मचाऱ्याचा पगार काम केल्या दिवशी खर्ची पडतो, नेमणूकपत्राच्या तारखेला नव्हे. प्रवासही तसाच, तिकीट सप्टेंबरात काढलं आणि परिषद ऑक्टोबरात असेल, तर तो खर्च ऑक्टोबरचा.